वर्षाराणीचं वजन

१६ जानेवारी २०२५

मोहिनी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण माझा आशीर्वाद तुझ्या घशाखाली उतरायचा नाही, म्हणून थेट कामाचं लिहिते. तीन दिवस फोन लावते आहे. तू माझा नंबर बंद करून टाकलायस हे मला काल कळलं. तोवर मी पुण्याच्या रेंजला नावं ठेवत होते. आज दिंद्रुडच्या पोस्टातून पाकीट आणलं. थोरल्या जावेचं अक्षर दिसलं म्हणून फाडून टाकू नकोस. माझ्यासाठी लिहीत नाही, सुनिताच्या पोरीसाठी लिहिते आहे.

बजरंग आणि सुनिता दसऱ्यानंतर पोरीला घेऊन उसाला गेलते. मागच्या महिन्यात मोळी चढवताना बजरंगचा पाय मोडला आणि टोळीतलं काम सुटलं. संजयभावजींनी त्याला तुमच्या तिकडं बांधकामावर राखणीला लावलं, हे मात्र भावजींनी लई चांगलं केलं. चार दिवसांमागं सुनिताचा मला फोन आला. रडतच बोलत होती. "बाई, पोरगी उभी ऱ्हाईना झालीया. हितल्या अंगणवाडीत नेलती, तर तिथल्या मॅडम मनल्या, हिचं नाव तुमच्या गावाला हाय, तिथून खाऊ उचलल्याला दिसतोय, आमाला घेता येत न्हाई. तुमच्या जाऊबाई तिथंच मदतनीस हायत, त्याबी काई बोलल्या न्हाईत."

कावून गं? आपल्या वाडीची पोर दारात आली आणि तू सतरंजी झटकत उभी राहिलीस? अंगणवाडीचं काम म्हणजे काय हे तू पहिल्यांदा बघितलंस ते माझ्या अंगणवाडीत, माझ्या हाताखाली. नाव गावाला आहे म्हणून पोरगी पोट काय गावाला ठेवून आली आहे?

तुमच्या मॅडमचं चुकलं असं म्हणत नाही. एका लेकराचं नाव दोन अंगणवाड्यांत चालत नाही, मोबाइलमधलं ॲप ते घेतच नाही. मी आज तिचं स्थलांतर टाकते. तुमच्या मॅडमच्या मोबाइलवर नाव दिसेल, त्यांनी 'स्वीकारा' दाबायचं, की झालं काम. वर्षाराणी, वय दोन वर्षं, डिसेंबरचं वजन दहा किलो शंभर. हिरव्यात आहे, म्हणजे काळजीचं काही नाही. प्रवासानं थोडी उतरली असेल. चार दिवस पोटात नीट गेलं की चालायला लागेल.

सासूबाई बऱ्या आहेत. तुझ्या अभिमन्यूची आठवण काढतात. आता पाचवं सरून गेलं असेल त्याला.

विजयमाला

२५ जानेवारी २०२५

मोहिनी,

माझंच पत्र परत पाठवलंस. त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं तीन ओळी. 'सात किलो सहाशे. मी स्वतः दोनदा काट्यावर ठेवली. दहा किलो शंभर कुणाचं ते सांगा, तोवर मॅडमना नाव स्वीकारू देणार नाही.' खाली सही नाही, नमस्कार नाही. चार वर्षांनी जावेला लिहायच्या ह्या ओळी!

पहिलं म्हणजे तुमचा काटा तपासून घे. शहरातल्या अंगणवाडीत काटा एकदा बिघडला की वर्षभर तसाच पडून राहतो, हे तूच मागे सांगत होतीस. दुसरं म्हणजे हिवाळ्यात आम्ही पोरं कपड्यांसकट मोजतो. स्वेटर असतो, कानटोपी असते. तिसरं म्हणजे नाव अडवून तू माझं काय वाकडं करणार आहेस? घास पोरीचा अडतोय.

आणि रेशनकार्डाचा राग असेल तर तो माझ्यावर काढ. मी तो विषय काढणार नव्हते, पण आता तूच काढायला लावलास. तुम्हाला तिकडं कार्ड करायचं होतं, त्यासाठी इथल्या कार्डातून तुमची तीन नावं कमी करायची होती. त्या वेळी कार्ड सापडत नव्हतं. मी सांगितलं तेच खरं होतं. तू सासूबाईंसमोर उभी राहून म्हणालीस, "माझ्या लेकराच्या ताटातलं तुम्ही इथं बसून खाताय, आक्का." हे वाक्य मी विसरले नाही. तूही विसरली नसशील.

पाकिटांचं मात्र माझ्यावर काही येऊ देऊ नकोस. पोरीच्या नावाची खाऊची पाकिटं मी दर महिन्याला बजरंगच्या आईच्या, मंजुळाबाईच्या, हातात दिली आहेत. ती म्हातारी मागं एकटीच असते. एक पाकीट माझ्या घरात आलं नाही. देवाशपथ.

तेव्हा मॅडमना सांग आणि नाव घेऊन टाका.

विजयमाला

३ फेब्रुवारी २०२५

मोहिनी,

ह्या पत्रात मी खोटं लिहिणार नाही. हे आधीच सांगते, कारण मागच्या दोन पत्रांत लिहिलं आहे.

काल सुनितानं व्हिडिओ कॉल केला. तिला सासूला पोरगी दाखवायची होती आणि मंजुळाबाईकडं साधा फोन, म्हणून मी माझा मोबाइल घेऊन तिच्या घरी गेले. सुनितानं पोरीला मांडीवर घेऊन फोनसमोर धरलं. मंजुळाबाईनं डोळे बारीक करून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मला विचारलं, "ही कुणाची पोर हाय, बाई? आमची कुटं हाय?"

सुनिता पलीकडून ओरडत होती, "आत्या, हीच हाय वो, हीच हाय!" म्हातारीनं मग कपाळावर हात मारून घेतला. मी तिथून उठले आणि घरी येऊन अंगणात बसून राहिले. भाकरी टाकायचं भान राहिलं नाही.

सुनितानं आणखी एक सांगितलं. तू पोरीला सरकारी दवाखान्यात नेलंस, स्वतःची सुट्टी टाकून. मी तुला सतरंजी झटकणारी म्हणाले होते. ते शब्द मी मागे घेते. तिथं डॉक्टरांनी मोबाइलवर तिचं आधीचं वजन बघितलं आणि ते चक्रावले. डिसेंबरात दहा किलो, जानेवारीत साडेसात, म्हणजे एका महिन्यात पोर अडीच किलोनं कशानं उतरली? मोठा आजार असणार, म्हणून रक्त काढलं, छातीचा फोटो काढला, पोटाची तपासणी लावली. सुनिता विचारत होती, "बाई, माज्या पोरीला टीबी झाला का वो?"

नाही गं बाई. तिला झालंय ते माझ्या अक्षरानं.

ऐक. पोरगी माझ्या काट्यावर शेवटची बसली ती सप्टेंबरात. नऊ किलो दोनशे, हे वजन खरं आहे. त्यानंतर वजनाच्या दिवशी ती इथं नव्हतीच. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ह्या तिन्ही महिन्यांत मी वाडीतच राहिलेल्या बंकटच्या धाकटीला दोनदा काट्यावर ठेवलं. एकदा तिच्या स्वतःच्या नावानं, एकदा वर्षाराणीच्या. दोघी एका वयाच्या, सप्टेंबरात वजनही सारखंच होतं. तू म्हणशील, खोटंच लिहायचं होतं तर घरी बसून आकडा टाकायचा, पोर दोनदा कशाला उचलली? त्याचंच मला हसू येतं आणि रडूही येतं. रिकाम्या काट्यासमोर बसून आकडा लिहायला माझा हात धजत नव्हता. काट्यावर कुणाचं तरी लेकरू आहे, काटा खरा बोलतोय, एवढ्यावर मी स्वतःला इमानदार समजत होते. सिंधुबाईनं, माझ्या मदतनीसनं, एकदा विचारलं, "बाई, हिला आताच मोजली की." मी तिला गप बस म्हणाले.

कावून केलं तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी मी खरं लिहिलं होतं. टोळ्या गेल्या तशी सात पोरांची स्थलांतरं टाकली. कारखान्याकडच्या गावांत कुणी त्यांना घेतलं नाही, कारण ऊसतोड्यांच्या झोपड्या, कोप्या, आज ह्या शिवारात तर पंधरा दिवसांनी त्या. पाडव्याला ती परत आली, तर माझ्या मोबाइलवरही नावं दिसेनात. पावसाळा लागेपर्यंत ती सात लेकरं कुठल्याच यादीत नव्हती. त्यांच्या आया माझ्या दारात आल्या. "बाई, पाया पडतो, नाव तेवढं काढू नगा. आमी मागारी येतोच की." तेव्हापासून मी कुणाचंच नाव काढलं नाही. आणि नाव ठेवायचं म्हणजे महिन्याला वजन दाखवावं लागतं.

हे खरं आहे, पण तेवढंच नाही. टोळ्या गेल्या की माझ्याकडं पंचविसातली चौदाच पोरं उरतात. पटावर तेवढीच दिसली तर अंगणवाडी शेजारच्या गावाला जोडतील, आणि मी एकोणीस वर्षं घासलेलं काम जाईल, ही भीती होती. पोरांच्या आयांचं निमित्त सोयीचं पडलं.

तू नाव का स्वीकारू दिलं नाहीस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या मॅडमनी माझ्या दहा किलोसकट पोर घेतली असती आणि दुसऱ्या दिवशी सात सहाशे लिहिलं असतं, तर पोरगी तुमच्या अंगणवाडीत वाळली असं झालं असतं. नोटीस तुमच्या मॅडमला आली असती, तुझंही काम गेलं असतं, आणि माझं पान हिरवंच राहिलं असतं. मला हे माहीत होतं, मोहिनी. माहीत असून मी 'स्वीकारा' दाबायला सांगत होते. एवढी नीच मी कधी झाले ते मला सांगता येत नाही.

तर आता काम. ह्या पाकिटात वेगळा कागद आहे, माझ्या सहीचा आणि तारखेचा. त्यावर लिहिलंय की सप्टेंबरनंतर ह्या मुलीचं वजन कुणीही केलेलं नाही, नंतरचे तिन्ही आकडे दुसऱ्या मुलीचे आहेत. तो डॉक्टरांच्या हातात दे. पोरगी दोन-अडीच महिने कोपीवर शिळ्या भाकरीवर आणि काळ्या चहावर राहिली आहे, मधे जुलाब होऊन गेलेत, हे सुनिताकडून मी नीट विचारून घेतलंय, तेही त्यात आहे. सुनिताला डॉक्टरांपुढं बोलता येणार नाही. तू बोल. तुला बोलता येतं, हे मला चांगलंच माहीत आहे.

आणि रेशनकार्ड हरवलं नव्हतं. ते माझ्या ट्रंकेत होतं. तीन माणसांचं धान्य कमी झालं असतं, एवढंच कारण. तू त्या दिवशी बोललीस ते बरोबर होतं. आज मी तुमची नावं कमी करायचा अर्ज सासूबाईंचा अंगठा घेऊन दिला आहे. माफी मागत नाही. मागायची वेळ होऊन गेली.

विजयमाला

१३ फेब्रुवारी २०२५

मोहिनी,

तुझं पत्र आलं. ह्या वेळी कोऱ्या कागदावर, शाईनं. डॉक्टरांनी कागद वाचून निम्म्या तपासण्या थांबवल्या आणि पोरीला चौदा दिवस आईसकट ठेवून घेतलं, हे वाचून मी सिंधुबाईला मिठी मारली. तिला वाटलं मला वेड लागलं. दर दोन तासांनी चमच्यानं दूध देतात ते बरोबर आहे. सुनिताला घाई करू देऊ नकोस, उपाशी पोटात एकदम घातलं तर सोसत नाही.

पण तू लिहिलंयस, 'दवाखान्यातून सुटल्यावर पुढं काय?' तोच प्रश्न घेऊन मी परवा ऑफिसात गेले. पुढचा खाऊ, जादा आहार, दर आठवड्याचं वजन, हे सगळं पोरगी तुमच्या यादीत लाल अक्षरात आली तरच. आणि लाल अक्षरात यायचं तर माझं हिरवं खोटं होतं हे कुणीतरी वर मान्य करायला पाहिजे.

आमच्या पर्यवेक्षिका मॅडम वाईट नाहीत. त्यांनी दार लोटलं, मला पाणी दिलं. म्हणाल्या, "विजयमालाबाई, एक ओळ लिहा. नजरचुकीनं शेजारच्या मुलीचं वजन हिच्या नावापुढं पडलं. मी दुरुस्त करून देते. पोरगीला तिकडं खाऊ चालू होईल, तुमचंही काही बिघडणार नाही. एकोणीस वर्षं झाली तुम्हाला."

पेन हातात घेतला मी. खरं सांगते, 'नजर' एवढं लिहिलंही. वर्षाराणीला खाऊ मिळत होता, माझी खुर्ची राहत होती, तुझ्या मॅडमवर काही येत नव्हतं. कुणाचं नुकसान होतं त्यात?

मग मी विचारलं, "मॅडम, आणि बाकीचे दहा?"

"कोण दहा?"

पिशवीतून मी यादी काढली. त्या दिवशी तुला पत्र टाकून आल्यावर रात्रभर बसून केली होती. अकरा पोरं, मोहिनी. अकरा लेकरं माझ्या मोबाइलमध्ये हिरवी आहेत आणि त्यातलं एकही वाडीत नाही. कुणी कर्नाटकात कोपीवर, कुणी कोल्हापूरकडं. प्रत्येकाच्या नावानं मी दुसरं कुठलं तरी पोर काट्यावर बसवलंय. तुमच्याकडं पुण्याचं पान स्वच्छ दिसतं, कारण ही पोरं तिथली नाहीत. आमचं पान हिरवं, कारण ही पोरं इथं नाहीत. मग वाळलेली पोरं लिहायची कुणी?

मॅडम म्हणाल्या, "एकीची नजरचूक चालेल. अकरा जणांची चालणार नाही. मला वर कळवावं लागेल."

मी म्हणाले, "कळवा."

"काम जाईल, बाई."

"जाऊ द्या. पण ह्या अकरांतलं एखादं पोर कुठल्या दवाखान्यात गेलं आणि डॉक्टरनं मोबाइल उघडून बघितला, तर त्याला माझं हिरवं दिसायला नको."

'नजर' खोडून मी दुसरा कागद घेतला. अकरा नावं, खरं वजन कधीचं, खोटं कधीपासून, आई-बाप आज कुठं आहेत, त्यांच्या मुकादमाचा नंबर. दोन पानं झाली. सहीचं अक्षर वळणदारच आलं. आमच्या ह्यांना घरी येऊन सांगितलं तर ते म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं का?" मी म्हणाले, "न्हाई विचारलं, म्हणून तर एवढी वर्षं चाललं." दोन दिवस आमचं बोलणं बंद आहे. बोलतील.

विजयमाला

२८ फेब्रुवारी २०२५

मोहिनी,

तू नंबर चालू केलास, फोनही केलास, तरी हे पत्रच लिहिते आहे. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ऐकून घेत नाहीस.

काल अंगणवाडीची किल्ली, काटा आणि मोबाइल ऑफिसात जमा केला. चौकशी होईपर्यंत मी घरी. सिंधुबाई रडत होती, तिला म्हणाले, पोरांची खिचडी करपेल, आत जा. शेजारच्या गावची सेविका दोन दिवसाआड येऊन बघणार आहे. अंगणवाडी राहते की जोडली जाते हे आज कुणी सांगू शकत नाही. गावात दोन्ही बाजूंनी बोलतात. आप्पाराव पारावर म्हणाले, बाईनं गावाचं नाक कापलं. मी तिथूनच चालले होते, ऐकलं आणि थांबले. म्हणाले, "आप्पाराव, तुमच्या शेताच्या बांधावरनंच ते ट्रॅक्टर जातात, पोरांनी भरलेले. एकदा तरी मोजलीत का?"

वर्षाराणी सोडून बाकीच्या दहांपैकी सहा जणांच्या आई-बापांशी माझं बोलणं झालं. प्रत्येकीला एकच सांगितलं, जवळच्या दवाखान्यात ने, पोरगं काट्यावर ठेव, आणि आकडा मला कळव. चार आकडे आले. दोन चांगले, दोन वाईट. त्या दोघांची नावं त्या त्या गावच्या अंगणवाडीला कळवली. एका ठिकाणी फोनवरची बाई तुमच्या मॅडमसारखीच म्हणाली, नाव आमच्याकडं नाही. मी तिला म्हणाले, "नाव पाठवलंय. तुम्ही पोर घ्या, लिखापढी मागनं करू." उरलेल्या चौघांचे मुकादम फोन उचलत नाहीत. मीही फोन लावायचं सोडत नाही. पगार मिळो न मिळो, फोनला काही कुणी नोटीस देत नाही.

वर्षाराणीचं नाव तुमच्याकडं गेलं, लाल अक्षरात, खऱ्या वजनासकट, हे मॅडमनी किल्ली घेताना मला स्वतःहून दाखवलं. काल आठ किलो शंभर भरली म्हणालीस. आता रोज तिला तुझ्यासमोर बसव, घरी पाठवलेल्या पाकिटावर विसंबू नकोस. पाकिटाचं काय होतं ते मला मंजुळाबाईनं सांगितलं. तिच्या घरात दुसरं काही नसायचं, ती ते शिजवून स्वतः खायची. आता माझ्या घरून तिला भाकरी जाते.

एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली. तू म्हणालीस, पोरगी कशालाच बघत नाही, नावानं हाक मारली तरी मान वळवत नाही, ऐकू येतं का ते तपासायला पाहिजे. मी घाबरून मंजुळाबाईकडं गेले. म्हातारी हसली. म्हणाली, वर्षाराणी हे नाव तुमच्या कागदावर घालायला ठेवलं, तिला ते ठाऊकच न्हाई. घरात तिला सगळे ठकी म्हणतात.

दोन वर्षं मी त्या पोरीचं वजन लिहिलं, मोहिनी, आणि तिला हाक काय मारतात हे मला माहीत नव्हतं. तू उद्या सकाळी ठकी म्हणून बघ.

तुझी आक्का